पंधरा मेच्या आधी

खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून
टोमॅटोची एकवीस रोपं,
सगळी काचेकडे माना वाकड्या करून.
रोज डबे फिरवते; रोज पुन्हा तिकडेच.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे आमची बाग.
लाल मुळ्याची पहिली जुडी खाऊन झाली.
वाटाणा सुतळी चाचपून बघतोय,
आणि पिवळे म्हणून घेतलेले ट्युलिप
लाल निघाले. असू दे.

शेजारच्या वाफ्याचे झेनॉन दरवर्षी हसतात.
"बोगुमिला, थंडीची सोफिया म्हातारी झाली,
तिला आता कोण घाबरतं?"
चार तारखेलाच त्यांचे टोमॅटो
उघड्यावर, काठीला बांधून, शिस्तीत उभे.

मी आईचं ऐकते:
पंधरा मे, सोफियाचा दिवस, उलटल्याशिवाय
एक रोप उंबऱ्याबाहेर काढायचं नाही.

बारा तारखेला रात्री आभाळ फार स्वच्छ होतं.
मे महिन्यात एवढं स्वच्छ आभाळ मला आवडत नाही.
बैठकीतले जुने पडदे पिशवीत कोंबले,
शेवटची ट्राम पकडली.
झेनॉनच्या फाटकाचा अडसर बाहेरूनही निघतो.

उरलेली रात्र खोपटात, किटलीजवळ.
उजाडता उजाडता पडदे उचलले,
पापडासारखे कडक.

नऊला झेनॉन आले, रोपांभोवती फिरले.
"बघा! काही झालं का?"
मी कांद्यातलं तण काढत होते.
"नाही," म्हटलं, "नशीबवान आहात."

मग ते खाली वाकले.
मातीतून पडद्याची एक पितळी कडी उचलली,
बोटावर घासून बघितली,
आणि खिशात टाकली.