वीतभर उंचीवर

मूस जॉ. उणे एकतीस.
व्हॅनमधल्या ग्रीसचा मेणासारखा गोळा झालाय.
डॅरिल होलुबेत्स्की फोनवर एवढंच म्हणाला होता:
गराजचं दार कुरकुरतं, जरा तेल घालून जा.

सोळा फूट रुंद, पोलादी, सव्वाशे किलोचं दार.
एकदा वर गेलं की कुणाला आठवत नाही
आपल्या डोक्यावर काय टांगलंय.
सगळं ओझं स्प्रिंग पेलते, निमूट.
माझ्या डाव्या करंगळीचं पेर
अशाच एका स्प्रिंगनं नेलं, ब्याण्णव साली, रेजायनाला.
तेव्हापासून मी स्प्रिंगशी अदबीनं वागतो
आणि गिऱ्हाइकांना सांगतो:
बाकी काहीही व्हिडिओ बघून करा, हे सोडून.

तेल घातलं. रोलर फिरवून पाहिले.
लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलं,
हातानं कमरेपर्यंत उचललं, सोडून दिलं.
तिथंच थांबलं. शहाणं दार.
मग उंबऱ्यावर फळी आडवी टाकली
आणि बटण दाबलं.
दार फळीला टेकलं. माघारी फिरायचं,
तर तिला दाबतच राहिलं
कर्र
कर्र
आता, ती फळीच होती म्हणा.

डोळे शोधायला मी गुडघ्यांवर बसलो.
चौकटीच्या दोन्ही अंगांना, वीतभर उंचीवर असतात ते.
एक किरण टाकतो, दुसरा झेलतो,
मधून मांजर गेलं तरी दार थबकतं.
दोन्हीकडे नुसती स्क्रूची भोकं.

वर पाहिलं.
तुळईला, मोटरच्या शेजारी,
करड्या टेपनं गुंडाळलेले दोघे
समोरासमोर, चार बोटांवर,
एकमेकांत असे गुंतलेले
की खाली जग बुडालं तरी पत्ता नाही.

"बर्फ साचायचा त्यांच्यावर," डॅरिल म्हणाला.
"रोज सकाळी दार अर्ध्यातून परत.
कामावर उशीर. तात्पुरतं केलं होतं."
कधी?
त्यानं मनात हिशेब केला.
"डार्का तेव्हा झाली नव्हती."

डार्का आतल्या दारात उभी, एकाच पायात बूट.
"माझा खेळ सांगू?
बटण दाबायचं आणि पळायचं,
दार टोपीला लागायच्या आत बाहेर.
एकदाच अडकले. नुसता गोंडा."
तिनं गोंडा पुढे केला.
लाल लोकरीचा, एका बाजूनं चपटा.

तीस वर्षांचं माझं एक पाठ भाषण आहे
अशा वेळेसाठी. ते मी गिळलं.
डॅरिलनं शिडी आणली, माझी वाट न बघता.
थंडीनं टेप दगड झाला होता,
नखांनी खरवडून काढला त्यानं,
हातमोजे न घालता.

तार लांबवली. डोळे खाली आणले,
पुसले, समोरासमोर केले
एवढं अंतर ठेवून की मधून एक मूल मावेल.
मोटरचा जोर कुणीतरी पिळून वाढवलेला, तो उतरवला.
बटण नेलं पाच फुटांवर.
"मला पोचत नाही!" डार्का रडकुंडीला आली.
"हो," तिचा बाप म्हणाला. दुसरं काही नाही.

फळी घातली. टेकलं, आणि मुकाट वर गेलं.
मग कागदी टॉवेलचा गुंडाळा उभा केला.
दार त्याला शिवलंसुद्धा नाही,
लांबूनच फिरलं मागे.
डार्का टाळ्या पिटत होती.
डॅरिलनं पुन्हा दाबलं. पुन्हा.
सात वेळा मोजली मी, मग हत्यारं गोळा केली.

बिलावर लिहिलं: तेल.

गल्लीच्या टोकाला आरशात पाहिलं.
वाऱ्यानं भुरभुर आत येत होती,
दार अर्ध्यातून परत वर चाललं होतं,
आणि डॅरिल, कामाला उशीर झालेला,
गुडघ्यांवर बसून
बाहीनं एक डोळा पुसत होता,
चौकटीवरचा.