दुसरा पडदा

शनिवारी निघता निघता त्यानं विचारलं,
आता करू की नंतर?
मला इचलकरंजीची बस दिसत होती डोळ्यांपुढं,
दाबलं 'आता'.
होय म्हणायला एक बोट पुरतं.

रविवारी उद्यमनगरात सगळी लेथ चालू.
आमचा रविवार सोमवारी येतो.
मशीन उठलं: नवा डोंगर, नवं आभाळ,
खिडक्यांचे कोपरे गोल घासलेले.
डावा पडदा हसला.
उजवा काळाच.

डाव्यावर मी पंपाची बॉडी काढते,
उजव्यावर मापं उघडी ठेवते,
मान वळवली की बोअर, मान वळवली की फ्लँज.
आठ वर्षांत मानेला सवय लागलीय.
मध्ये एक अडॅप्टर, काडेपेटीएवढा,
सहाशे रुपयांचा, शाहूपुरीतनं आणलेला,
इतके दिवस तो आहे हेच मी विसरले होते.

काढला. घातला. टुंग.
दोन सेकंद उजेड आला
आणि सगळंच थिजलं,
माउस, ड्रॉइंग, कोपऱ्यातलं घड्याळ.
बाहेर चहा येऊन गेला, भोंगा होऊन गेला,
आत दहा बेचाळीस.

केबल बदलली. पोर्ट बदलला.
मागचं भोक, पुढचं भोक, फुंकर.
ड्रायव्हर पुसून परत चढवला.
चढताना कुरकुरला, बसला, पुन्हा थिजला.
मग लॉग उघडला, चारशे ओळींचा,
तळाशी लिहिलेलं: कर्नल पॅनिक.

चौगुले मालक खांद्यामागनं वाचत होते.
"कर्नल? मिलिटरीतला?"
"न्हाई हो, आतला. सगळं चालवणारा."
"आन् तोच घाबरला?
मग शिपायांनी काय करायचं, सुकन्या?"
घाटगे फाउंड्रीला ड्रॉइंग उद्या सकाळी पाहिजे,
एवढं आठवण करून देऊन गेले.

बाबालाल शिकलगार आले हात पुसत.
बेअरिंग ऐकायचं तर ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावतात
आणि मूठ कानाला.
अडॅप्टर त्यांनी तळहातावर घेतला,
आजारी पोराचं कपाळ बघावं तसा.
"तापलाय. पण खोड ह्याची न्हाई.
काल काय बदललंस?"
"सगळंच. आतलं."
"आन् हे?"
"हे जुनंच."
"मग! शाफ्ट नवा घातलास, बुश जुना ठेवलास.
खाणारच की."

नवा बुश कंपनीनं अजून केलेलाच नव्हता.
कधी करणार, कुणी सांगत नव्हतं.
"जुना शाफ्ट टाकलास का भंगारात?"

नव्हता टाकला. मशीननंच ठेवला होता,
मला न विचारता, एका यादीत,
चालू होताना शिफ्ट दाबून धरली तर दिसते ती.
दाबून धरली.
पांढऱ्या अक्षरांत दोन नावं. खालचं निवडलं.

उजवा पडदा आधी राखाडी झाला,
मग निळा,
मग बोअर बत्तीस पूर्णांक शून्य पाच.
मान आपोआप वळली.

बाबालाल बघत उभे राहिले जरा वेळ.
दाराशी लाकडी पेटी आली होती गुरुवारी,
नवी व्हीएमसी, अजून खिळे न काढलेली,
त्यांच्या लेथच्याच जागेवर बसायची आहे.
पेटीकडं न बघता म्हणाले,
"तुला तरी इचारलं त्यानं."
आणि गेले. थोड्या वेळानं लेथ सुरू झाली,
तोच आवाज, डाव्या बाजूला किंचित जड.

पावणेसातला ड्रॉइंग पाठवलं.
मशीन बंद करताना परत आलं ते,
आता करू की नंतर?
मी 'नंतर' दाबलं
आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर लिहिलं,
हात लावू नये. सुकन्या मगदूम.
पडद्याला चिकटवलं.
अजून थोडी टेप उरली होती बोटाला.
ती बराच वेळ निघेना.