यंदाचा रंग हिरवा

माश्यांना साखरपाणी कधी द्यायचं
हे इग्नात्स हातांनी ठरवतो.
सप्टेंबरात पेटी मागून जराशी उचलायची,
हलकी लागली, की द्यायचं.
लवकर दिलं तर वाया,
उशीर झाला तर मेलेल्या झाडून काढा.
बापाचं गणित.

ल्युब्लियानात, टोपी मांडीवर दाबून धरत
त्यानं ह्रिबेर्निक डॉक्टरीणबाईंना विचारलं:
माझी पेटी हलकी झाली, हे कुणी ठरवायचं?
तुम्हीच, त्या म्हणाल्या.
गोळी आजार थांबवत नाही,
हातून निसटतंय ते काही काळ परत देते.
आणि राखून ठेवली
म्हणून पुढे जास्त पुरत नाही.

घरी आणले त्यानं दोनच शब्द: काही काळ.
खोका ठेवला फडताळात, मेणाच्या ढेपेमागे.

मी मोजत नव्हते, असं नाही.
चालताना उजवा हात झुलायचा थांबला.
बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं
ओळ संपेस्तोवर मुंगीएवढी.
वास तर केव्हाच गेलेला;
कुठल्या फुलांचा मध ते तो रंगावरून सांगे,
आणि चुकला तरी मी तीच चिठ्ठी डकवी.
वरचं बटण, म्हणे, गळ्याला काचतं.

मे महिन्यात राण्यांना खूण करायची.
एका चिमटीत राणी, दुसऱ्या हातात काडी,
पाठीवर ठिपका, मोहरीहून लहान.
चाळीस वर्षं, हातमोज्यांशिवाय.
त्या दिवशी तो लवकर परतला.
सूप गार झालं.

रात्री कोटाच्या खिशात काडेपेटी लागली.
आत राणी, चेपलेली.
पंखांवर, पोटावर, पायांवर हिरवा रंग,
पाठ तेवढी कोरी.
मी कोट होता तसा खुंटीला लावला.

तिसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाला,
"सातव्या पेटीत नव्या राणीची घरं बांधायला घेतलीत.
मी झाकण लावून वळलो,
तेव्हाच लागल्या असणार कामाला."
बूट न काढता तसाच उभा.
"ती मेणामागची, जेवणाआधी की नंतर?"

"आधी. अर्धा तास.
आणि सुरुवातीला अर्धीच."

मी पेला अर्धा भरून दिला, सांडू नये म्हणून.
त्यानं तो नळाखाली काठोकाठ भरला
आणि सांडत सांडत टेबलापर्यंत आणला.

पाव कापायला अजून अर्धा तास होता.
बसून राहिलो आम्ही,
त्याच्या हाताकडे न बघण्याची खटपट करत,
दोघंही.