पाण्याच्या रेषेखाली

ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, जेवणाच्या टेबलावर
सात महिने एक युद्धनौका उभी होती.
आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

एकास दोनशे.
माणूस म्हणजे तांदळाचा दाणा.
भुवया कोरायच्या चिमट्यानं मी बसवल्या
टाचण्यांच्या तोफा,
कठड्याला तांब्याची तार, केसाहून जराशीच जाड,
आणि डेकवर, श्वास रोखून, बारा खलाशी.
एक शिंकेत गेला.
कोपरखैरण्याहून येणाऱ्या सुगंधाबाई
अजून केर बघून भरतात.

पपांच्या पंचाहत्तरीला खोका उघडला.
त्यांनी चष्मा बदलला.
नजर तोफांवरून तशीच पुढे गेली,
ज्या रडारला मी अख्खी दिवाळी दिली
त्यावरूनही.
मग जहाज उचललं, तिरपं केलं.
पोटाचा तांबडा रंग,
जिथे मी नुसते दोन हात मारून सोडलं होतं,
तिथे बोट टेकवलं.

"इथे. अकरा वर्षं. बॉयलरपाशी.
वरचं हे सगळं
बंदराला लागलो की दिसायचं."

भिंतीवरच्या फोटोत ते डेकवर आहेत,
पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.
मी त्या फोटोवरून बांधत गेले,
विचारलं नाही.

आई म्हणाली, केक वितळतोय.

रात्री पाहुणे गेल्यावर, दिवा घालवता घालवता,
"आतून पोकळ आहे का गं?"
हो म्हटलं.
"मग बरं.
हवा खेळेल."