पिवळं

ट्रॉम्सोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो पार जानेवारीतच उगवतो.
मधल्या अंधारात मला पिवळं म्हणून दिसतं
ते रक्तपेढीच्या कपाटात, काचेआड,
एका हलत्या फळीवर.

फळी थांबत नाही.
रात्रभर इकडून तिकडे,
तान्हं जोजवावं तशी.
थांबली तर प्लेटलेट्स एकमेकींना बिलगतात,
मग सगळंच मुसळ केरात.
गारठा त्यांना सोसत नाही.
बाहेर आयुष्य पाच दिवसांचं, फार तर सात.

हालवार्ड बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
नखांतलं ग्रीस साबणाला दाद देत नाही.
दोन्ही हात पसरून खुर्चीत रेलला
की म्हणतो, "आता नाक खाजणार बघ."
आणि खाजतंच.
मी खाजवून देते. हेही माझ्या नोकरीत बसतं.

एका हातातून रक्त निघतं,
यंत्र ते गरगर घुसळतं,
लोणी काढावं तसं पिवळं तेवढं काढून घेतं,
बाकीचं दुसऱ्या हाताने परत,
जरासं गार होऊन.
त्याच्या ओठांना मुंग्या येतात. मी पांघरूण वर ओढते.
उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात.
इथे दोन्ही हातांना सगळं कळतं,
कळत नाही ते फक्त एवढंच, की कुणाला.
"मागची पिशवी कुठे गेली?" तो दर वेळी विचारतो.
"पोचली," मी दर वेळी सांगते.

पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो.
नंबर माझ्या लक्षात राहतात, हा माझा दोष.

चार मजले वर आसलाउग बाई.
भूगोल शिकवायच्या. आता हाडांतल्या मगजाने
काम टाकलेलं.
नडग्यांवर लाल ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे.
"बघ, रात्रीत तीन गावं वसली," त्या म्हणायच्या.
पिशवी चढली की दोन-तीन दिवसांनी
चादर बाजूला सारून दाखवायच्या:
"हामरफेस्ट उठलं. कुणी राहिलं नाही तिथे."

एकदा त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.
तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढंच:
"अनोळखी माणसा,
आज सकाळी दात घासले.
थुंकी पांढरी होती."

मी ती रक्तदात्यांच्या कॉफीच्या खोलीत लावली.
हालवार्डने वाफल चावत वाचली.
"आभार कुठे आहेत यात?" म्हणाला.
मग पुन्हा वाचली.
त्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधायला
त्याला फार वेळ लागला.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट.
सूर्य परतायचा दिवस, बेकरीबाहेर रांग,
त्या दिवशी खायचे ते जॅम भरलेले गोल बन.
पुढे हालवार्ड. त्याच्यामागे, लोकरी टोपीत,
आसलाउग बाई. त्यांच्यामागे मी.
शेवटचे सहा बन हालवार्डने घेतले.
"सगळेच?" बाई कडाडल्या.
"माणसाने दुसऱ्यासाठी काही ठेवावं की नाही?"

तो कानापर्यंत लाल झाला.
मी हातमोजा दातांत धरला.
"वर्कशॉपमधली पोरं आहेत," तो पुटपुटला,
पिशवी उघडली, एक बन बाईंना दिला.
"बरं," बाई म्हणाल्या, आणि तिथेच चावा घेतला.

डोंगराच्या कडेला उजेडाची कोर आली,
आली आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
बाईंच्या हनुवटीला जॅम लागला होता,
पुसला की निघून गेला.

मग त्यांच्या ध्यानात आलं.
"अगं, त्याचे आभारच मानले नाहीत मी."
वळल्या, तर तो बंदराच्या उतारावर पोचलेला.
"कोण होता गं तो?"

"इंजिनं दुरुस्त करतो," मी म्हटलं.