दुपारचा हात

आठ ते नऊ माझा हात कुणाचाच नसतो.
थंडीत तर नाहीच. गोदेवरून वारं निघतं,
भांडी बाजारात शिरतं, थेट नखांत येऊन बसतं.
तेवढ्यात मी शटर वर करते, पेटी पुसते,
मशीनच्या सुईला तेलाचा थेंब देते.
अक्षर काढत नाही.

नऊला हात येतो.
कुठून, ठाऊक नाही. न सांगता येतो, पण रोज.
मग जोडाक्षरं घ्यायची.
ज्योत्स्ना. त्र्यंबक. कृष्णाबाई.
कळशीच्या गळ्याशी, पत्रा वळतो तिथं,
सुई घसरली तर तो ओरखडा
पोरीसोबत सासरी जातो.
अकरापर्यंत मी बोलत नाही.
गिऱ्हाइकांना वाटतं, बाई तुसडी आहे.
आहे. अकरापर्यंत.

वडील छिन्नीनं नावं घालायचे, ठिपका ठिपका.
म्हणायचे, हात उतरला की चहा पिऊ नको,
काम बदल.
मी वीस वर्षांची होते. चहा प्यायचे.

त्या दिवशी अडीच वाजले होते.
पोटात भाकरी, गल्लीत ऊन,
समोरचा पोऱ्या परातीवर गाल टेकून झोपलेला.
पळशाच्या गायधनी बाई आल्या. परवा वर्षश्राद्ध,
एकवीस तांबे, नाव घालून, आत्ता.
रमणशेठ म्हणाले, देतो की.
शेठना सगळे तास सारखेच. गाळ्याचं भाडंही
सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं असं नसतं.

वीस बरोबर गेले.
सकाळभर लग्नाची ताटं केली होती,
चाळीस वेळा चि., चाळीस वेळा चि. सौ. कां.
डोकं पेंगलं की हात आपल्या आठवणीनं चालतो.
एकविसाव्यावर तो चालला:
चि. त्र्यंबक दामू गायधनी
यांच्या स्मरणार्थ.

अक्षर सुरेख होतं, हे सांगायलाच हवं.
त्र्यं तर असा उतरलेला की वडिलांनी मान हलवली असती.
आणि पुढे ती वेलांटी,
कै. च्या जागी, एका वर्षानंतर.

तांब्यावर खोडरबर चालत नाही.
म्हटलं, दुसरा देते, माझ्या पैशांनी.
बाईंनी चष्मा लावला. वाचलं.
वेलांटीवरून बोट फिरवलं, खालून वर.
"वीस वाटते," म्हणाल्या. "हा राहू दे घरात."
आणि पैसे एकविसांचे मोजले,
सुट्ट्यांसकट.

लोकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे भरतात.
माझे नाही भरले. मला लाज वाटली.
एवढं मोठं दान चुकीच्या वेळेला पडलं होतं पदरात,
त्यावर माझा हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटी लावली:
एक ते चार नावे घातली जाणार नाहीत.
शेठ आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.
त्या वेळात मी भांड्यांचे कागद काढते,
वाट्या एकात एक बसवते,
उधारीवाल्यांना फोन करते. दुपारी आवाज आपोआप कोरडा असतो,
वसुली चांगली होते.
शेठ विचारतात, हे काय काम झालं?
दुपारच्या हाताला एवढंच येतं, शेठ.

पाचला तो परत येतो, सकाळपेक्षा बारीक.
तारखा काढतो, आडनावांची आद्याक्षरं.
दिवे लागल्यावर थरथरतो जरा,
तेव्हा त्याला वेलबुट्टी देते.
थरथरत्या हाताची वेल
वाऱ्यात असल्यासारखी दिसते, म्हणतात बायका,
आणि तीच मागून घेतात.

काल एक मुलगा आला, पावणेतीनला.
बारशाची वाटी. म्हणे, दोनच अक्षरं आहेत मावशी, रेवा.
माझी चूक एकाच अक्षराची होती,
पण हे त्याला कशाला सांगू.
म्हटलं, पाचला ये.
तो शेजारच्या दुकानात गेला.
जाऊ दे.
मी सुतळीचा गुंता मांडीवर घेतला.
मोठी गाठ होती.
चार वाजायच्या आत सुटली.