अकरा सेकंद

रात्री एकला म्हणाला, अपडेट चालू आहे, बंद करू नका.
मी नाही केला.
उशाशी ठेवला, चार्जर लावून, तापानं फणफणलेल्या पोरासारखा,
आणि उद्यमनगरात पहिली भट्टी पेटायच्या आत
तो आपला आपणच बंद.

बटण दाबलं की पंखा फिरतो,
कंपनीची खूण येते,
मग काळं. मग परत खूण. मग काळं.
आत पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग.
साडेअकराला यल्लाप्पा येणार, सागवान घेऊन,
पेन्सिल कानावर.

हेल्पलाइनवरचा मुलगा शांत होता.
चार्जर काढा सर. काढला.
बटण तीस सेकंद दाबून धरा सर.
धरतो, म्हटलं, आणि मी मॅडम आहे.
तो अडखळला. पण तुम्ही ‘धरतो’ म्हणालात.
कोल्हापूर, मी म्हटलं.
आमच्यात बायका धरतोच म्हणतात, आणि सोडत नाहीत.

तीस मोजले. सोडलं.
खूण. काळं.
सेफ मोडसाठी सतरा वेळा बटण बडवलं.
तळाचे स्क्रू काढून बशीत ठेवले,
रॅमची पट्टी खोडरबरानं घासली,
परत बसवली, टक् वाजलं,
सगळं आवळलं तर एक स्क्रू उरला.
शाहूपुरीत तौफिकचं दुकान दहाला उघडतं
म्हणजे पावणेअकराला.
मुलगा म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल,
बॅकअप आहे ना?
हं, म्हटलं.
तो हं कसला होता ते त्याला कळलं असावं.

तेवढ्यात आप्पा गंगावेशीतून दूध घेऊन आले.
अडतीस वर्षं मोल्डर. कान फाउंड्रीतच राहिलेत.
कास्टिंगला चीर आहे का, ते लोक ठोकून नादावरून सांगतात;
नाद ऐकू येईना झाल्यावर आप्पा
हातोडी मारायचे आणि तळवा ठेवायचे.
तसाच ठेवला आता, कीबोर्डवर. डोळे मिटले.
मी काही बोलायला गेलो
तर दुसऱ्या हातानं गप्प केलं.

फिरतंय.
थांबलं.
फिरतंय.
अकरा मोजले की थांबतंय, म्हणाले, दर खेपेला अकरा.
मेलेलं असं नेमानं मरत नाही.
कुणाची तरी वाट बघतंय ते.

मग बोटं कडेनं सरकत गेली,
साचा उघडायच्या आधी पेटीची कड चाचपतात तशी,
आणि डाव्या अंगाला थांबली.
हे काय गं? हितं गरम लागतंय.

नखाएवढा पेनड्राइव्ह.
परवा छापखान्यातून आणलेला,
भाचीच्या बारशाची पत्रिका त्यात.
खोवला आणि विसरलो.
नवं शहाणपण आलं त्यात यंत्र स्वतःचं घर विसरलं,
आणि पहाटेपासून
एका बारशाच्या पत्रिकेतून
उठायला बघत होतं.

उपसला.
खूण. काळं.
नऊ. दहा. अकरा.
आप्पांचा तळवा तिथंच.
बारा, ते म्हणाले.

निळं आलं. नमस्कार आलं.
तुमच्यासाठी काही नवीन आहे, असंही आलं, ते मिटवलं.
ड्रॉइंग उघडलं तर काल रात्रीची दोन मापं गायब.
फ्लँजचा व्यास पाठ होता. दुसरं आठवेना.
आक्रसायला किती सोडलंयस, आप्पांनी विचारलं, चष्मा शोधत.
मीटरला दहा मिलिमीटर धर.
लोखंड ओततानाचं नसतंय, निवल्यावरचं असतंय.
हे मला सातवीपासून माहीत आहे.
तरी लिहून घेतलं.

खाली यल्लाप्पाची स्कूटर वाजली.
आप्पांना ऐकू गेली नाही, ते किटली उघडून
दूध कोमट आहे का बघत होते, बोट लावून.
आलो आलो, म्हणत मी उठलो.

चहा ओतला तर यल्लाप्पानं बशी वर धरली.
हा स्क्रू कशाचा?
उरला, मी म्हटलं.
त्यानं तो उजेडात फिरवून बघितला
आणि पेन्सिलीच्या शेजारी, कानामागं नाही,
खिशात टाकला.